पेरोव्हस्काइट एलईडीचा प्रकाश भिंग न लावता एकाच दिशेला पाडता येतो का?

येतो. (पेरोव्हस्काइट म्हणजे एका खास स्फटिकरचनेचा पदार्थ; या एलईडीत त्याचाच पातळ थर प्रकाश देतो.) पण नुसता टॉर्च करायचा असेल तर सरळ भिंगच लावा, उगाच डोकं शिणवू नका. पण डिस्प्लेचा पिक्सेल केसाहून बारीक झाला की नेहमीच्या भिंगाला जागा उरत नाही, तिथे मात्र एलईडीच्या थरांतच काहीतरी करावं लागतं.

अंधाऱ्या खोलीत मी हिरव्या एलईडीचा नमुना लावते तेव्हा नजर आधी काचेच्या कडेवर जाते. कड हिरव्या रेघेसारखी झगझगत असते. पेरोव्हस्काइटचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचं माप) साधारण 2.3, म्हणून उभ्या रेषेपासून 26 अंशांहून जास्त तिरका निघालेला किरण हवेत येतच नाही. काही प्रकाश काचेत शिरून कडेनं निसटतो, काही थरातच फिरत राहतो. मागच्या धातूच्या इलेक्ट्रोडचा आरसा धरला तरी सरळ किरणांच्या हिशोबानं दहातला एकच वाटा समोरून बाहेर पडतो. आणि तोही पसरट: नमुना फिरवून मोजला तर 60 अंशांवर तीव्रता निम्मी भरते.

2018 मध्ये संशोधकांच्या काही गटांनी या एलईडीची कार्यक्षमता (दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर पडणारे प्रकाशकण) 20 टक्क्यांच्या वर नेली. त्यांतल्या एकाच्या थरात आपोआप बारीक, विखुरलेले स्फटिक तयार झाले होते, त्यामुळे अडकलेला प्रकाश सुटला. पण सुटला तो वाट्टेल तिकडे. दिशा हवी तर रचना नियमित हवी.

एक वाट म्हणजे ग्रेटिंग, म्हणजे समान अंतरावरच्या बारीक खाचांची रांग. हिरव्या प्रकाशासाठी सुमारे 280 नॅनोमीटर अंतरावर खाचा पाडल्या की थरात आडवा धावणारा प्रकाश सरळ वर वळतो. खाचा मात्र खालच्या थरात, आधीच. मी एकदा शहाणपणा करून पेरोव्हस्काइटवरच रेझिस्ट (खाचांची आखणी उमटवायचा लेप) चढवला. तो धुणारा डेव्हलपर पाण्यातला, नमुना बुडवला आणि चमक गेली ती गेलीच.

दुसरी वाट कॅव्हिटीची: दोन आरसे, मध्ये थराच्या आतल्या प्रकाशाची अर्धी तरंगलांबी, म्हणजे हिरव्याला साधारण 130 नॅनोमीटर. पेरोव्हस्काइटच्या रंगाचा पट्टा मुळातच अरुंद, जेमतेम 20 नॅनोमीटरचा, म्हणून जोडी छान जमते. तिरकं पाहिलं तर रंग निळ्याकडे सरकतो, डिस्प्लेला हे चालत नाही.

तुम्हाला खरोखर टॉर्चसारखा गोल झोत हवा असेल तर सरळ रेघांचं ग्रेटिंग घेऊ नका. ते रेघांच्या आडव्या दिशेनंच झोत आवळतं, रेघांच्या लांबीत तो पसरलेलाच राहतो आणि भिंतीवर लांबट पट्टा पडतो. त्यासाठी ठिपक्यांची चौकोनी जाळी लागते.