आधी माप, मग रंग

प्रश्न : डोंबिवलीत वन-रूम-किचनमध्ये मी ऑर्डरीच्या नथी आणि तन्मणी करते. जागा म्हणजे खिडकीजवळचं फोल्डिंग टेबल. मणी, तारा, हुक एका डब्यात. शोधण्यातच दुपार जाते. कसं लावू?

उत्तर : ताई, मणी रंगावर लावू नका, मापावर लावा. रंग डोळ्याला लगेच दिसतो, माप दिसत नाही. 8 नंबरचा मणी साधारण 3 मिलिमीटर, 11 नंबरचा 2. नंबर वाढला की मणी बारीक. दोन मापं मिसळली की ओळ वाकडी बसते. मापागणिक झिपच्या पिशव्या करा, आत नंबर आणि खरेदीचा भाव लिहिलेली चिठ्ठी. चपलांच्या खोक्यात पिशव्या पोस्टकार्डांसारख्या उभ्या ठेवा.

मसाल्याचा डबा सगळे सुचवतील. मला तो पटत नाही. वाट्यांना वेगळी झाकणं नसतात. डबा कलंडला की सगळी मापं एक!

तारेचंही मण्यांसारखंच, 28 गेज 22 पेक्षा बारीक (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर). रिळावर गेज लिहा. पितळी तार पावसाळ्यात काळवंडते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाका.

काम करताना ताटात मखमलीचा तुकडा अंथरा, मणी घरंगळत नाहीत. घरात रांगतं मूल असेल तर खोकं वरच्या फळीवरच.