जोड बघून लावा

एमएमए, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट, या ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या खेळाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरं देतो आहोत. तालमीतून आलेलं पत्र सर्वांत लांब होतं, त्याचं उत्तरही लांबलं आहे.

प्रश्न : वय १९, वजन ७० किलो. सहा वर्षं तालमीत आहे, माती आणि मॅट दोन्ही खेळतो. चार महिन्यांपूर्वी एमएमए सुरू केलं. पट (पाय धरून पाडायचा डाव) चांगला लागतो, पण प्रत्येक वेळी गळा अडकतो आणि टॅप (हाताने थोपटून हार मान्य करणं) मलाच करावा लागतो. माझं काय चुकतंय?
– एक पैलवान, सांगली जिल्हा

उत्तर : तालमीनं सहा वर्षं तुझ्या अंगात एक गोष्ट भिनवली आहे, पाठ टेकू द्यायची नाही. म्हणून खाली आलास की तू आपोआप पोटावर वळतोस आणि कोपरं अंगाशी घट्ट धरून ठेवतोस. मातीत हे बरोबरच आहे. केजमध्ये, म्हणजे जाळीच्या रिंगणात, मात्र तू वळेपर्यंत समोरचा तुझ्या पाठीवर बसतो, दोन्ही टाचा तुझ्या मांड्यांच्या आतून अडकवतो आणि एक हात हनुवटीखाली सरकवतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकदम दाबल्या गेल्या की आठ-दहा सेकंदांत शुद्ध जाते. तुझी मान कितीही कमावलेली असो, त्यानं फार तर दोन सेकंद जास्त मिळतात.

इथून सुटायची वाट पाठ टेकवण्यातूनच जाते, आणि पैलवानाला तेच जड जातं. आधी हनुवटी छातीला लाव. गळ्याभोवती आलेल्या हाताचं मनगट आपल्या दोन्ही हातांनी धरून खाली ओढ. त्याचा दुसरा हात तुला काही करत नाही, त्याच्या नादी लागू नकोस. गळ्यावरचा हात तुझ्या उजव्या खांद्यावरून आला असेल तर डाव्या कुशीकडे झुक, कंबर खाली सरकव आणि दोन्ही खांदे मॅटला लाव. मग खालच्या बाजूची टाच काढून त्याच्याकडे तोंड करून वळ. सराव असा ठेव : जोडीदार पाठीवर, दोन्ही टाचा अडकवलेल्या, ३ मिनिटांच्या ४ फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात त्याला निम्माच जोर लावू दे. सवय बदलायला सहा ते आठ आठवडे जातात, तोवर हरलास तरी चालेल.

पट काढताना गळा सापडतो ती चूक वेगळी आहे. तू मातीत काढतोस तसा पट काढताना नजर खाली जाते, डोकं त्याच्या काखेजवळ येतं आणि गिलोटिन चोक, म्हणजे समोरून काखेत मान आवळायचा फास, त्याला तयार मिळतो. एकेरी पटाला कपाळ त्याच्या बरगडीत किंवा छातीत रुतव. दुहेरी पटाला कान त्याच्या कमरेला घट्ट चिकटव. दोन्हीत नजर वर आणि पाठ ताठ. तरीही गळा सापडलाच तर डोकं ज्या काखेत अडकलं आहे त्याच्या उलट बाजूला अंग ने आणि खांद्यानं त्याच्या गळ्यावर दाब दे. त्याच बाजूला राहिलास तर फास आवळत जातो. भारतात जन्मून यूएफसीत (एमएमएच्या लढती भरवणारी मोठी अमेरिकी संस्था) उतरलेला पहिला लढवय्या भरत खंदारे २०१७ मध्ये शांघायला सोंग यादोंगविरुद्ध पहिल्याच फेरीत याच चोकवर हरला. मोठ्या मंचावरही कुस्तीगीराची मान अशीच सापडते, हे लक्षात राहू दे.

ढाक (कमरेवरून फेकायचा डाव) ठेव, पण एका हातानं समोरच्याची काख धरूनच. नुसती मान धरून मारलेली ढाक फसली तर पाठ आयती त्याच्या हातात. धोबीपछाडीचंही तेच. घिस्सा मारताना जांघ्या धरायची सवय मात्र सोड. शॉर्ट्स, हातमोजा किंवा जाळी धरणं इथे फाऊल आहे.

आणि लांबून पट काढायला धावू नकोस. वाटेत गुडघा तोंडावर बसतो. आधी जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) दाखव, त्याचे हात वर गेले की हातांखालून आत शिर. पहिला पट अडला तर सोडून मागे येऊ नकोस. त्याला जाळीपर्यंत ढकल आणि तिथे दुसरा, तिसरा लाव. रशियाचा यूएफसी विजेता खबीब नुरमागोमेदोव २९ लढती एकही न हरता खेळला, त्यात या जाळीजवळच्या चिकाटीचा वाटा फार मोठा. तुझा दम तर आहेच. मॅटवर ३-३ मिनिटांचे दोन डाव असतात, इथे व्यावसायिक लढतीत ५-५ मिनिटांच्या तीन फेऱ्या. त्या दमाचा उपयोग तिथे कर.

प्रश्न : टीव्हीवर एक जण पूर्ण फेरीभर दुसऱ्याच्या अंगावर होता, तरी ती फेरी खालच्याला दिली. हे कसं?
– एक प्रेक्षक, डोंबिवली

उत्तर : कुस्तीत ताबा घेतला की गुण मिळतो, इथे तसं नाही. एमएमएच्या एकत्रित नियमांत पंच आधी पाहतात की कोणाच्या ठोशांनी, लाथांनी किंवा डावांनी समोरच्यावर खरा परिणाम केला. त्यात दोघं अगदी बरोबरीत असले तरच कोण पुढे जाऊन खेळला हे बघतात, आणि केजवर ताबा कोणाचा हे सर्वांत शेवटी. वरचा नुसता धरून बसला असेल आणि खालच्यानं कोपरानं कपाळ फोडलं असेल किंवा दोनदा चोक जवळजवळ लावला असेल, तर फेरी १०-९ गुणांनी खालच्याला. पुढच्या वेळी आवाज बंद करून एक फेरी बघा. समालोचकाचा उत्साह गेला की मार नीट दिसतो.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याला एमएमए क्लास लावायचा आहे. घरात सगळे म्हणतात, ही गुंडांची मारामारी आहे. मलाही रक्त बघवत नाही. काय करू?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, घरच्यांची भीती अगदी हवेतली नाही. १२ नोव्हेंबर १९९३ला अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीची पहिली स्पर्धा झाली तेव्हा वजनगट नव्हते, गुण देणारे पंच नव्हते, हातमोजे सक्तीचे नव्हते. एक बॉक्सर तर एकाच हातात मोजा घालून उतरला होता. सिनेटर जॉन मॅककेन यांनी या खेळाला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि १९९६ मध्ये सगळ्या राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली. न्यूयॉर्कनं १९९७ मध्ये बंदी घातली. नंतर न्यू जर्सीतून एकत्रित नियम आले, वजनगट आले, डॉक्टर आणि लढत थांबवणारा रेफरी आला. न्यूयॉर्कची बंदी २०१६ मध्ये उठली. लोकांच्या मनात मात्र अजून १९९३चं चित्र बसलेलं आहे.

दुखापतीचं खरं काय? कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी लढतीनंतरच्या तपासण्यांची तुलना केली. एमएमएच्या सुमारे ५९ टक्के खेळाडूंना काही ना काही लागलं होतं, बॉक्सिंगच्या ५० टक्क्यांना. पण शुद्ध हरपण्याचं प्रमाण बॉक्सिंगमध्ये ७ टक्के होतं आणि एमएमएमध्ये ४. एमएमएचे मोजे साधारण ११० ग्रॅमचे, पातळ. त्यांनी भुवईवरची कातडी फाटते आणि रक्त भरपूर येतं. दिसायला भयंकर, टाके घातले की संपलं. आम्हाला काळजी वाटते ती न दिसणाऱ्या माराची, डोक्यावर रोज थोडे थोडे बसणारे ठोसे. म्हणून मुलाच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे : डोक्यावर ठोसे असलेलं स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) १६ वर्षांपर्यंत नाहीच, आणि पूर्ण जोरातलं १८च्या आधी नाही. तोवर कुस्ती, जुजुत्सू (जमिनीवरची धरपकड आणि फास), पॅडवर ठोसे-लाथा, पडायचं कसं आणि उठायचं कसं, एवढं शिकायला भरपूर आहे.

क्लास निवडताना फी विचारण्याआधी एक तास बाकावर बसून बघा. नवा मुलगा पहिल्याच दिवशी स्पॅरिंगला उभा केला, तर तिथूनच परत फिरा. टॅप होताच समोरचा लगेच सोडतो का बघा. न सोडणाऱ्याला मास्तर बाजूला बसवतात का? टॅप करणाऱ्याची थट्टा होते का? ही थट्टा जिथे चालते तिथे पोरं टॅप करायला लाजतात आणि कोपर मोडून घेतात. मास्तर जोड्या कशा लावतात तेही बघा : ४५ किलोच्या पोरापुढे ६० किलोचा नको. मॅट रोज जंतुनाशकानं पुसली जाते का, सरावाआधी नखं आणि त्वचा तपासतात का? गजकर्ण एका पोराकडून आठवड्यात सगळ्यांना होतं. घोटा पिळायचा हील हूक मुलांना शिकवत असतील तर स्पष्ट नाही म्हणा. त्यात पिळतो घोटा आणि फाटतो गुडघा, आणि दुखायला लागेपर्यंत लिगामेंट गेलेलं असतं.

दातांचं गार्ड डेंटिस्टकडून मापाचं करून घ्या. हेडगार्डवर फार भरवसा ठेवू नका, त्यानं जखमा टळतात, मेंदूला बसणारा हिसका टळत नाही. डोक्याला मार लागून मुलगा गोंधळला, तर त्या दिवशीचा सराव तिथेच बंद. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, किंवा एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : मी कोच आहे. माझ्या मुलाच्या तीन हौशी लढती झाल्यात. आयोजकांनी पाच दिवसांवर एक लढत देऊ केली आहे, समोरच्याच्या आठ झाल्यात. मुलगा खेळायचंच म्हणतो. घ्यावी का?
– एक प्रशिक्षक, नाशिक

उत्तर : आम्ही असतो तर घेतली नसती. तालमीत वस्ताद जोड लावताना वय, वजन आणि दम बघतात. इथे त्यात आणखी दोन गोष्टी बघायच्या, समोरच्यानं किती लढती खेळल्या आणि आपल्याला तयारीला किती दिवस मिळाले. तीन विरुद्ध आठ हे अंतर एकवेळ सहा आठवड्यांच्या तयारीनं भरून निघेल, पाच दिवसांत नाही. मुलगा हो म्हणणारच, या वयात कोण नाही म्हणतं? नाही म्हणायचं काम तुमचं आहे, आणि ते आयोजकांना फोनवर तुम्ही स्वतः सांगायचं, मुलाच्या तोंडून नाही.

पुढची जोड आली की समोरच्याच्या निदान तीन लढतींचे व्हिडिओ मागा, त्यात एक हरलेली असू द्या. एवढंच शोधा : त्याला लढत कुठे न्यायची असते, उभ्यानं, जाळीला की जमिनीवर? तिथे तो कसा पोहोचतो? आणि तिथे जाऊ दिलं नाही तर काय करतो? बहुतेक हौशी खेळाडूंकडे या शेवटच्याचं उत्तर नसतं, तुमची तयारी तिथूनच सुरू करा. तो डावखुरा असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्या तुमच्या मुलाची उजवी कूस उघडी पडते आणि यकृत त्याच बाजूला असतं. त्याची डावी लाथ तिथे बसली की उभा माणूस गुडघ्यावर येतो. डावं पाऊल त्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेर ठेवायचं, उजवं कोपर बरगडीला, आणि सरळ उजवा ठोसा. डावखुरा जोडीदार मिळवून आठवड्यातून दोन दिवस हेच करा.

होकार देण्याआधी आयोजकांना लेखी विचारा : केजजवळ डॉक्टर कोण, रुग्णवाहिका दारात उभी असणार का, वजन कधी घेणार, नियम हौशी की व्यावसायिक. टाळाटाळ झाली तर तीही लढत सोडा.

दोन फेऱ्यांमध्ये कोपऱ्यात ६० सेकंद मिळतात. पहिली १५ श्वासाला आणि घोटभर पाण्याला जाऊ द्या. मग एकच सूचना, फार तर दोन, आणि ती त्याच्याकडून वदवून घ्या. त्याला कितवी फेरी संपली हे सांगता आलं नाही, तर लढत तुम्हीच थांबवा. रेफरीची वाट बघू नका, मुलाची समजूत नंतर काढता येते.

प्रश्न : वजन ७३ किलो आहे, लढत ६५.८ किलो गटात चार आठवड्यांनी. जिममधले म्हणतात, शेवटचे चार किलो वाफेनं आणि पाणी बंद करून उतरतील. एक गोळीही सुचवली आहे.
– एक खेळाडू, कोल्हापूर

उत्तर : गोळी घेऊ नका. लघवी वाढवणारी औषधं उत्तेजकविरोधी नियमांत बंदी असलेली आहेत, आणि शरीरातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडतात. पाणी बंद करून चार किलो उतरवणं तर जिवाशी खेळ आहे. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेचा २१ वर्षांचा चिनी खेळाडू यांग जियानबिंग मनिलात लढतीआधी वजन उतरवताना गेला. त्यानंतर त्या संस्थेनं वजनासोबत लघवीचीही तपासणी सुरू केली. घनता १.०२५ पेक्षा जास्त, म्हणजे शरीर कोरडं, मग उतरवलेलं वजन ग्राह्य नाही.

७३ वरून ६५.८ म्हणजे अंगाचा दहावा हिस्सा. चार आठवड्यांत हे नीट होत नाही. आयोजकांशी बोलून ७०.३ किलो गटात जोड मागा. त्यासाठी आठवड्याला ५०० ते ७०० ग्रॅम उतरवायचे, तेही खाऊन. प्रथिनं किलोमागे १.६ ते २ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १२० ते १४५ ग्रॅम : अंडी, चिकन, पनीर, डाळी, ताक. बदाम-तुपाची खुराक हा महिनाभर निम्मी करा, तिथेच सर्वांत जास्त उष्मांक असतात. भात-भाकरी सरावाच्या आधी आणि नंतरच्या जेवणात ठेवा, रात्री कमी. लोणचं, पापड, फरसाण शेवटचे पाच दिवस बंद, मिठामुळे पाणी धरून राहतं. रोज सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. लघवी गडद पिवळी दिसली तर त्या दिवशी वजनापेक्षा पाणी महत्त्वाचं.

वजन दिल्यावर एकदम दोन लिटर पाणी ढोसू नका, पोट फुगतं आणि उलटी होते. ओआरएस दर पंधरा मिनिटांनी २०० मिलिलिटर, जितके किलो पाणी गेलं त्याच्या दीडपट लिटर हिशेबानं, आणि दोन तासांनी मऊ वरणभात.