'बहुधा शॉर्ट सर्किट'

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस, की आगीच्या चौकशीचे अहवाल आता तुझ्या सहीने वर जाणार आणि पहिल्याच दिवशी टेबलावर तीन अहवाल आले. तिन्हींत कारण एकच, 'बहुधा शॉर्ट सर्किट'. तू हसलीस. मला हसू आलं नाही, कारण तसा अहवाल एकदा मीही लिहिलाय.

कापडाचं दुकान, रात्री अडीचची वर्दी. शटर तोडून आत शिरलो, दीड तासात आग आटोक्यात आणली. सकाळी मेन स्विचपाशी तांब्याच्या वितळलेल्या तारा दिसल्या, टोकांना मण्यांसारखे गोळे. मला तेवढं पुरलं. पुढे विम्याचा दावा कोर्टात गेला. समोरच्या वकिलाने एकच कागद पुढे केला. बिल थकल्यामुळे त्या दुकानाची वीज आगीच्या तीन आठवडे आधीच तोडली होती! तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि गठ्ठ्यांनी भरलेली बंद खोली पूर्ण पेटली की उष्णता तिथवर चढू शकते. म्हणजे माझे मणी आगीनेच घडवलेले होते. न्यायाधीश काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं. तेच जास्त लागलं.

बरं, वीज चालू असती तरी? आग तारेपर्यंत पोचते, आवरण जळतं, मग तारा एकमेकींना चिकटून ठिणगी उडते आणि मणी तयार होतो. तो मणी एवढंच सांगतो, की आग पोचली तेव्हा ही तार जिवंत होती. आधी आग की आधी ठिणगी, हे तो सांगत नाही. म्हणून कुणी तारेचा फोटो लावून अहवाल आणला, की आधी विचार: पुरवठा चालू होता का? कोणता एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा विजेचा खटका, पडला, कोणता नाही? आग सुरू झाली म्हणतोस त्या कोपऱ्यात ही तार होती, की दहा फूट लांब? विद्युत निरीक्षकाचं मत आलं, की तू त्यांच्याही आधी ठरवून मोकळा झालास?

तुझं काम आता हेच, प्रश्न विचारणं. इतकी वर्षं राखेत तू उकिडवी बसलीस, आता दुसरे बसतील. पण सवयीने त्यांच्या हातातली चाळणी हिसकावू नकोस. (मी हिसकावायचो. माझी पोरं त्यामुळे उशिरा शिकली.)

अनुभवाचा तोरा कुणी मिरवला, तर लास व्हेगासची गोष्ट सांग. २००५ साली तिथे प्रयोगासाठी खोल्या पेटवल्या आणि पूर्ण भडका झाल्यावर साधारण दोन मिनिटं जळू दिल्या. मग ५३ तपासनिसांना विचारलं, खोलीच्या चार भागांपैकी आग कुठल्या भागात लागली? बरोबर उत्तर तिघांचं. दुसऱ्या खोलीतही तिघांचंच. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेरा-चौदा जण बरोबर निघाले असते. एकदा खोली छतापासून जमिनीपर्यंत पेटली, की सर्वांत खोल जळलेली जागा बहुतेक वेळा हवा कुठून आली ते दाखवते, आग कुठून आली ते नाही.

आणि काचेवरची जाळी. आमच्या पिढीला शिकवलं होतं, काचेवर बारीक तड्यांचं जाळं म्हणजे पेट्रोल, झपाट्याने वाढलेली उष्णता. अमेरिकेतल्या ओकलंडच्या १९९१च्या वणव्यानंतर जळून गेलेली ५० घरं तपासली, त्यांतल्या १२ घरांत तशी काच सापडली. तिथे कोण पेट्रोल ओतायला गेलं होतं? तापलेल्या काचेवर पाणी पडलं की ती जाळी येते. म्हणजे आपल्याच होजचं पाणी! त्याच वर्षी टेक्सासमध्ये कॅमेरन टॉड विलिंगहॅमच्या घराला आग लागून त्याच्या तीन मुली गेल्या. ही काच आणि जमिनीवरचे जळण्याचे डाग असल्या पुराव्यांवर त्याला मुद्दाम आग लावून मुलींना मारल्याचा दोषी ठरवलं आणि २००४ साली मृत्युदंड दिला. त्या खुणांना शास्त्राचा आधार नव्हता, असं नंतर तज्ज्ञांनी सांगितलं. तुझ्या टेबलावरच्या अहवालाला दुसऱ्या टोकाला माणूस बांधलेला असतो.

आपल्याकडचं उदाहरण तुला माहीत आहे. २९ डिसेंबर २०१७, मुंबईची कमला मिल, १४ मृत्यू. माणसं गेली ती गच्चीवरच्या एका पबमध्ये, बरीचशी स्वच्छतागृहात गुदमरून. साहजिकच पहिला गुन्हा त्या पबवर नोंदला गेला. पण अग्निशमन दलाच्या चौकशीचा निष्कर्ष असा, की आग सुरू झाली शेजारच्या रेस्टॉरंटात, हुक्क्याच्या निखाऱ्यांतून. मृतदेह जिथे सापडतात आणि आग जिथे लागते, त्या दोन जागा वेगळ्या असू शकतात. घाईत असलेल्या माणसाला हे दिसत नाही.

घाई मात्र सगळ्यांना असते. कूलिंग चालू असतानाच मायक्रोफोन पुढे येतो, "साहेब, कारण?" तेव्हा तुझ्या स्टेशन ऑफिसरने फक्त "चौकशी चालू आहे" म्हणायचं. नगरसेवकाचा, मालकाचा, कुणाचाही फोन आला तरी तो तू घ्यायचास. हाताखालच्या पोराला घेऊ द्यायचा नाही. मी हे नेहमी पाळलं असं नाही.

जागेवरच्या दोन-तीन गोष्टी पटकन सांगतो. आग विझल्यावर आपली माणसं उत्साहाने सगळं उपसून बाहेर फेकतात. जिथे आग सुरू झाल्याचा संशय आहे तिथे दोरी बांध आणि फोटो होईपर्यंत फावडं लावू देऊ नकोस. पेट्रोल-रॉकेलचा संशय असेल तर नमुना घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत घे. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ निघून जाते आणि प्रयोगशाळा 'आढळले नाही' लिहून मोकळी होते. आणि तोंडाला रुमाल बांधून राखेत बसणाऱ्याला सरळ बाहेर काढ. ज्वाळा गेल्या तरी विषारी वायू जात नाहीत. २०२२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने आपला अख्खा पेशाच कर्करोगकारक ठरवलाय.

आता त्या तीन अहवालांबद्दल. "बाकी काही सापडलं नाही, म्हणून शॉर्ट सर्किट" हे कारण होत नाही. नुसतं बाकीचं वगळून काही सिद्ध होत नसतं. पुरावा नसेल तर 'कारण निश्चित करता आले नाही' असं लिहायला लाव आणि खाली सही कर. वरचे चिडतील. चिडू देत. शॉर्ट सर्किट लिहिलं की सगळे सुटतात, मालक सुटतो, जिन्यात माल रचणारा सुटतो. जानेवारी आणि जुलैचा फॉर्म बी, म्हणजे इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, तोही कुणी मागत नाही. तू माग. स्प्रिंकलरला पाणी होतं का, ते लिहायला लाव. आगीचं कारण हरवलं तरी ती का पसरली, हे बहुतेक वेळा सापडतं.

तिन्ही अहवाल परत पाठव, पण पोरांना बोलावून समोर बसवून. लाल शेरा मारून नको.

त्यातलं प्लायवुडच्या गोदामाचं प्रकरण मला खटकतंय. तू म्हणालीस, वर्दी समोरच्या चहाच्या टपरीवाल्याने दिली. धूर त्याने आधी शटरखालून पाहिला की मागच्या खिडकीतून? त्याचा जबाब फाइलमध्ये आहे का? नसेल तर उद्या सकाळी सहाला, गिऱ्हाईक यायच्या आत, स्वतः जा. आणि काय म्हणाला ते मला कळव.

तुझा,
जुना साहेब