उशाखालची पुस्तकं

प्रश्न : आमच्या वाडीतली शाळा सातवीपर्यंतच आहे. माझी भाची जूनपासून आठवीसाठी रत्नागिरीला हॉस्टेलवर राहील. तिला वाचनाचं वेड आहे. माध्यम मराठी, पण सोपं इंग्रजी वाचते. घरापासून लांब राहणाऱ्या मुलींच्या, त्यांच्या मैत्रीच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या तिला द्याव्यात असं मनात आहे. तिचे बाबा म्हणतात, असल्या पुस्तकांनी अभ्यासावरचं लक्ष उडेल, त्यापेक्षा गाइडं घ्या. काय देऊ?
— एक मावशी, गुहागर

उत्तर : मावशी, जरूर द्या. मी मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते. उशाखाली गोष्टीचं पुस्तक ठेवल्यामुळे नापास झालेली एकही मुलगी मला आठवत नाही. घरच्या आठवणीनं जेवण तुटलेल्या आणि त्यापायी अभ्यासात मागे पडलेल्या मात्र पुष्कळ आठवतात. तुमच्या भावोजींना माझं नाव सांगून हे सांगा.

सुरुवात एनिड ब्लायटनच्या ‘मॅलरी टॉवर्स’नं करा. १९४६ ते १९५१ या काळात आलेली ही सहा पुस्तकं. इंग्रजी अगदी सोपं. कॉर्नवॉलच्या समुद्रकड्यावर मुलींची निवासी शाळा आहे, खाली खडकात पोहण्याचा तलाव आहे आणि तो भरतीच्या पाण्यानं भरतो. गुहागरच्या मुलीला हे काही समजावून द्यावं लागणार नाही. लॅक्रॉस म्हणजे जाळीच्या काठीनं चेंडू झेलत खेळायचा खेळ, तेवढं सांगून ठेवा. मध्यरात्री चोरून केलेली मेजवानी, बाईंच्या काढलेल्या खोड्या हे सगळं आहेच आणि ते तिला आवडेलच.

मला मोलाची वाटते ती पहिल्या पुस्तकातली सॅली. ती कुणात मिसळत नाही, रडत नाही, तक्रार करत नाही. धाकट्या बहिणीचा विषय निघाला की म्हणते, मला बहीणच नाही. घरात बाळ आलं आणि मला लांब पाठवलं, हे तिच्या मनात रुतून बसलेलं असतं. ते बाहेर पडल्यावरच तिची आणि नायिका डॅरेलची खरी मैत्री होते.

अशा सॅली मी पाहिल्या आहेत. हमसून रडणाऱ्या मुलीभोवती चारजणी जमतात, कुणी पाणी आणतं, कुणी लाडवांचा डबा उघडतं. कोरड्या डोळ्यांनी चादरीच्या घड्या घालणाऱ्या, ट्रंकेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणाऱ्या मुलीकडे कुणाचं लक्ष जात नाही. रात्रीच्या फेरीत मी तिच्या खाटेपाशी जरा जास्त थांबायचे. म्हणून तर या गोष्टी मुलींच्या हातात पडाव्यात असं मला वाटतं. शेजारच्या खाटेवरची गप्प मुलगी शिष्ट नसेल, हे रेक्टरनं सांगून पटत नाही, गोष्टीतून पटतं.

याच पुस्तकातली एक गोष्ट मला मुळीच पटत नाही. ग्वेंडोलिन नावाची मुलगी आईला सोडताना रडते, तर तिची टर उडवली जाते, आणि पुढेही ती हसण्याचाच विषय राहते. पुस्तक देताना भाचीला स्पष्ट सांगा, आईच्या आठवणीनं रडू येण्यात लाजण्यासारखं काही नाही.

वर्षा-दोन वर्षांनी जीन वेब्स्टरचं ‘डॅडी-लाँग-लेग्ज’ द्या. १९१२ सालची ही पत्ररूप कादंबरी. अनाथाश्रमात वाढलेली ज्युडी कॉलेजात येते. चित्रकार-शिल्पकार मायकेलअँजेलोचं नाव निघतं, तिला तो कुणी देवदूत वाटतो, आणि सगळा वर्ग हसतो. इतर मुलींनी लहानपणीच वाचलेली पुस्तकं मग ती झपाटल्यासारखी वाचून काढते. आपण कुठून आलो ते मैत्रिणींपासून लपवते. शेवटी तिच्या शिक्षणाचा खर्च करणाऱ्या, वयानं बऱ्याच मोठ्या माणसाशी तिचं जे लग्न जुळतं त्याबद्दल भाचीशी मोकळेपणी बोला. त्यासाठीच ती थोडी मोठी झालेली बरी.

आणि रत्नागिरीत गेल्या गेल्या जिल्हा नगर वाचनालयात तिचं नाव घाला. १८२८ पासूनचं वाचनालय आहे ते.

प्रश्न : मी नववीत आहे. मला हॉस्टेलवरची कादंबरी लिहायची आहे, पण आमच्याकडे कडे-किल्ल्यासारखी शाळा नाही की मेजवान्या नाहीत. काय लिहू?
— एक वाचक, मालवण

उत्तर : अगं, किल्ला तर तुझ्या दारातच आहे! पण तोही नको. तुझी नायिका मैत्रिणींपासून काय लपवते, ते आधी ठरव.

समज, तिचे बाबा मच्छीमार आहेत. १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि हॉस्टेलची फी नेमकी त्याच महिन्यात भरायची असते. आईनं ट्रंकेत सुकटीच्या चटणीची बरणी दिली आहे, दोन पिशव्यांत गुंडाळून. खोलीतल्या दोघी शाकाहारी. वास येईल म्हणून ती बरणी उघडतच नाही, मेसची पातळ आमटी मुकाट्यानं जेवते. पावसाची झड लागलेली, कपडे वाळत नाहीत, सगळ्यांचे ओले फ्रॉक एकाच दोरीवर. बरणी कधी उघडते, कोण उघडतं, कोण नाक मुरडतं आणि कोण विचारतं, ‘तुझ्या आईनं केली?’ एवढ्यावर तुझी चार प्रकरणं होतील. नाक मुरडणारीलाही वाईट ठरवू नकोस. ती आपल्या घरची सवय घेऊन आलेली असते.

मग गणपतीची सुट्टी येऊ दे. सगळ्या गावी निघतात. ज्या मुलीच्या घरी यंदा सुतक आहे, ती कुणाच्या घरी जाते, ते लिही.

पहिली दोन प्रकरणं झाली की मला पाठव. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून लिही, म्हणजे मला तिथे शेरे मारता येतील.