‘डाकोटा’ की ‘डीसी-३’?

जुन्या मराठी लेखनात आढळणारे ‘डाकोटा’ आणि विमानांच्या इतिहासात येणारे ‘डीसी-३’ ही एकाच विमानाची नावे आहेत का, आणि ‘डाकोटा’ हा शब्द आद्याक्षरांतून बनला आहे का, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे.

विमान एकाच कुळातले आहे, पण नावे दोन वेगळ्या व्यवहारांतून आली. ‘डीसी’ म्हणजे ‘डग्लस कमर्शियल’. रात्रीच्या प्रवासात १४ प्रवाशांना झोपता येईल असे विमान अमेरिकन एअरलाइन्सला हवे होते. म्हणून डग्लस कंपनीच्या अभियंत्यांनी आधीच्या डीसी-२ चा सांगाडा रुंद केला आणि १७ डिसेंबर १९३५ रोजी सांता मोनिका येथून या नव्या विमानाने पहिले उड्डाण केले. दिवसाच्या फेरीसाठी त्यात २१ आसने बसत. टपालाच्या उत्पन्नावर विसंबून न राहता निव्वळ प्रवासी भाड्यावर कंपनीला नफा मिळवून देणारे विमान म्हणून त्याची ख्याती झाली, आणि माझ्या मते त्याचे खरे मोठेपण यातच आहे.

दुसऱ्या महायुद्धात मजबूत तळ आणि मालासाठी रुंद दार असलेली त्याची लष्करी आवृत्ती निघाली. अमेरिकी सैन्याने तिला ‘सी-४७ स्कायट्रेन’ म्हटले, तर ब्रिटिश हवाई दलाने ‘डाकोटा’. ‘डग्लस एअरक्राफ्ट कंपनी ट्रान्सपोर्ट एअरक्राफ्ट’ या शब्दांच्या आरंभीच्या अक्षरांतून हे नाव घडल्याचे वारंवार सांगितले जाते. मला ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली वाटते, कारण ‘कंपनी’ या एकाच शब्दाची दोन अक्षरे घेतल्याशिवाय ती जमत नाही. शिवाय ब्रिटिश हवाई दल अमेरिकी बनावटीच्या विमानांना बॉस्टन, बाल्टिमोर, मेरीलँड अशी तिकडच्या स्थळांची नावे देत असे. अमेरिकेत डाकोटा नावाची दोन राज्ये आहेत आणि ते नाव तेथील एका मूलनिवासी समाजाचे आहे. ‘डाकोटा’ त्या पंक्तीत सहज बसते.

भारतात ब्रिटिशांचा शब्द रुजला, हे स्वाभाविकच होते. युद्धानंतर येथे उरलेली लष्करी विमाने विकत घेऊन, त्यांत आसने बसवून अनेक विमान कंपन्यांनी सेवा सुरू केल्या, त्यामुळे प्रवासी विमानालाही लोक डाकोटाच म्हणू लागले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला पोचले ते डाकोटांतूनच. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली टपाल-विमाने नागपूरला एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. त्या सेवेतही हीच विमाने होती.

तेव्हा १९३६ मधील न्यूयॉर्क–शिकागो सेवेविषयी लिहिताना ‘डीसी-३’ म्हणावे, आणि श्रीनगर किंवा नागपूरच्या संदर्भात ‘डाकोटा’ निःशंकपणे वापरावे. ‘डकोटा’ असे लेखनही आढळते आणि ते मूळ उच्चाराला अधिक जवळचे आहे, परंतु ‘डाकोटा’ मराठीत रुळलेले असल्याने ते बदलण्याची गरज मला वाटत नाही.