माझे कंदी पेढे बटाट्यासारखे का दिसतात? आणि ऑइलमध्ये मिठाई रंगवण्यात लोकांना एवढी मजा का वाटते?

तुम्ही साताऱ्यात राहता, ऑइल पेंटिंग शिकताय, पेढ्यांचं ताट रंगवलं तर बटाटे वाटतात आणि शेजारची जिलेबी प्लास्टिकची दिसते, असं लिहिलंय. आणि शेवटी विचारलंय की मिठाईच रंगवण्यात एवढं काय आहे. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातच पेढ्यांचं आणि जिलेबीचंही उत्तर आहे.

ट्यूबमधून नुकता पिळलेला टायटॅनियम व्हाइट पॅलेट नाइफनं, म्हणजे रंग मिसळायच्या लवचीक सुरीनं, उचलून बघा. चक्क्यासारखा घट्ट, नाइफ वर उचलला की टोक उभं राहतं. त्यात दोन थेंब तेल घातलं की पसरतो, आणखी घातलं की पाकासारखा ओघळतो. म्हणजे मिठाईचा पोत नुसता भासवायचा नसतो, रंगानं तो प्रत्यक्ष उभा करता येतो. मजा इथे आहे. आणि तुमची अडचणही इथेच असावी, असा माझा अंदाज आहे. पेढा, जिलेबी, ताट, मागची भिंत, सगळं एकाच जाडीच्या रंगानं रंगवलं जातंय. रंग कुठला घ्यायचा हे नंतर बघा, तो किती जाड लावायचा हे आधी ठरवा.

पेढ्यापासून सुरुवात करू. तपकिरी पदार्थ दिसला की हात बर्न्ट अंबर या गडद तपकिरीकडे आणि पांढऱ्याकडे जातो. अंबरमध्ये पांढरा मिसळला की रंग थंड, राखाडी, खडूसारखा होतो, आणि तो नेमका बटाट्याच्या सालीचा रंग आहे. कंदी पेढ्याचा खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो, त्यामुळे त्याच्यात लाल हवाच. उजेडाच्या बाजूला साधारण तीन भाग यलो ऑकर (मातकट पिवळा), एक भाग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), दोन भाग टायटॅनियम व्हाइट. कंपनीगणिक सिएनाचा जोर कमीजास्त असतो, तेव्हा हे प्रमाण सुरुवातीपुरतं समजा. मधल्या छटेत पांढरा अजिबात नको, फक्त ऑकर, सिएना आणि नखभर रॉ अंबर. सावलीत बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरीन निळा, तोही पातळ. पेढा ताटाला टेकतो तिथून जरा वर, सावलीच्या आतच, ताटावरून परतलेला उजेड असतो. पितळी ताट असेल तर तो चांगलाच केशरी दिसतो. हा पट्टा विसरला की पेढा चपटा होतो.

दुसरी गोष्ट चमकेची. गोल वस्तू काढली की वर पांढरा ठिपका द्यायची सवय लागलेली असते. पेढ्यावर तो देऊ नका. तुपामुळे त्याला मंद, पसरट तकाकी असते. टोकदार ठिपका दिला की तो गुळगुळीत सालीचा होतो आणि आपण पुन्हा बटाट्यावर येतो.

तिसरी गोष्ट आकाराची. पेढा हातानं वळलेला असतो. त्याच्यावर बोटांचे सपाट दाब असतात, कडेला बारीक भेगा असतात. लंबगोल काढून आत रंग भरू नका. सहा नंबरचा चपटा हॉग हेअर (डुकराच्या राठ केसांचा) ब्रश घ्या, एकेक दाब एकेका फटकाऱ्यात ठेवा आणि पुन्हा त्यावरून फिरवू नका. मोती चौकातून पाव किलो पेढे घ्याल तेव्हा त्यातले ओबडधोबड दिसणारे चित्रासाठी वेगळे काढा, एकसारखे दिसणारे खायला.

आणि एक पेढा मोडून ठेवा. हा सगळ्यात सोपा उपाय आहे. आतला भाग बाहेरच्यापेक्षा फिकट आणि रवाळ असतो, तो दिसला की बटाट्याची शंकाच उरत नाही. हा रवा काढायची रीत अशी: हवा असलेला रंग जुन्या वर्तमानपत्राच्या कागदावर अर्धा-पाऊण तास पसरून ठेवा. कागद जादाचं तेल ओढून घेतो आणि रंग घट्ट होतो. खालचा गडद थर चिकट झाला की हा रंग नाइफच्या कडेवर घेऊन जवळजवळ आडवा, हलक्या हातानं ओढा. रंग फक्त उंचवट्यांना धरतो, खड्डे तसेच राहतात. कागदावर रात्रभर मात्र ठेवू नका. तेल फार गेलं तर वाळल्यावर रंग भुकटीसारखा सुटतो.

जिलेबीचं सगळं उलटं. ती प्लास्टिकची दिसते कारण तुम्ही बहुतेक कॅडमियम यलो, ऑरेंज आणि पांढरा वापरताय. हे तिन्ही अपारदर्शक रंग आहेत. जिलेबीत उजेड आत शिरतो, पाकातून फिरतो आणि मग बाहेर येतो. तेव्हा कॅनव्हासचा पांढरा खालून दिसत राहायला हवा. इंडियन यलो आणि किंचित बर्न्ट सिएना, टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलानं पातळ करून, काचेसारखा थर द्या. पांढरा मिसळायचा नाही. अशा पदार्थात सगळ्यात तेजस्वी भाग उजेडाच्या बाजूला नसतो, तो बऱ्याचदा पलीकडच्या बाजूला, सावलीच्या आत असतो. खिडकीजवळ जिलेबी धरून पाहा, लगेच कळेल. दोन वेढ्यांच्या मध्ये पाक साचलाय तिथे रंग काळपट न होता जास्त गडद आणि लालसर होतो. चमक सगळ्यात शेवटी, एका जिलेबीला तीन-चार ठिपके, तेही घट्ट पांढऱ्यात कणभर निळा घालून, कारण ती आकाशाची प्रतिमा आहे. ठिपक्याच्या कडा पुसट करू नका.

एकाच कॅनव्हासवर दोन्ही पदार्थ असतील तर आधी सगळीकडे बर्न्ट सिएनाचा पातळ हात मारा आणि जिलेबीची जागा टर्पेंटाइनच्या चिंधीनं ओलं असतानाच पांढरी पुसून घ्या.

श्रीखंड नाइफच्या एका ओढीत झालं पाहिजे, दुसरी ओढ दिली की मळकं दिसतं. त्याच्या सावलीत काळा नको, ऑकर आणि जरासा जांभळा पुरतो. जाड थराला झिंक व्हाइट टाळा. तो ठिसूळ होतो आणि तडकतो.

वेन थीबो हा अमेरिकन चित्रकार (1920–2021) केक आणि ‘पाय’ (pie) या गोड पदार्थांच्या चित्रांसाठीच ओळखला जातो. त्याचं 1963 चं ‘केक्स’ हे चित्र मोठं करून पाहा. क्रीमच्या जागी रंग क्रीमसारखाच ओढलेला आहे, सावल्या सरळ निळ्या आहेत. वस्तूंच्या कडेला तो केशरी, हिरव्या बारीक रेघा ठेवतो, त्यानं वस्तू उजेडात थरथरल्यासारखी वाटते. स्टीलच्या ताटावर ही युक्ती फार छान चालते. पण त्याचे रंग जसेच्या तसे उचलू नका. ते त्याच्या मिठाईचे आहेत, पेढा तेवढा गुलाबी-निळा झाला की खाववत नाही. मूळ तैलचित्रं जवळून पाहायची असतील तर औंध आपल्याच जिल्ह्यात आहे. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उभारलेल्या तिथल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. पद्धत अगदी वेगळी, गुळगुळीत, पण दागिन्यांवरच्या चमका कुठे दिल्यात आणि कुठे मुद्दाम दिल्या नाहीत हे नाक लावून बघण्यासारखं आहे. छापील चित्रात ते कळत नाही.

मांडणी उत्तरेच्या खिडकीशी करा, उजेड दिवसभर स्थिर राहतो. एक अडचण पुस्तकात नसते, कारण पुस्तकं थंड देशातली असतात: साताऱ्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन तर उत्तरेच्या खिडकीतून थेट आत येतं. तेव्हा पातळ पांढरा पडदा लावा. ताट पाणी घातलेल्या परातीत वाटीवर ठेवा, नाहीतर मुंग्या तासाभरात मॉडेल घेऊन जातील. जिलेबी आधी रंगवा, ती लवकर मऊ पडून पाक सोडते. पेढे संध्याकाळपर्यंत थांबतात.

वाळण्याबद्दल. ऑइल पेंट पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून पातळ थर काही दिवसांत हाताला लागत नाही, पण पेढ्याचा जाड थर आतून महिनोन्‌महिने ओला राहतो. वर तेल जास्त झालं तर साय धरते आणि सुरकुत्या पडतात. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा नियम इथे मोडू नका. अलिझरीन क्रिमसन हा गडद लाल फार हळू वाळतो आणि बर्न्ट अंबर भराभर. गुलाबजामच्या गडद भागात जाड अलिझरीनवर अंबर लावलात तर भेगा ठरलेल्या. पावसाळ्यात चित्र बंद कपाटात ठेवू नका, बुरशी येते आणि अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. वॉर्निश जाड चित्राला वर्षभरानं. किराणा दुकानातलं खायचं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइनच्या जागी रॉकेल, दोन्ही नको.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. आणि टेबलावर मॉडेल म्हणून बसलेले पेढे नंतर खायचे नाहीत. कॅडमियम विषारी आहे आणि रंगाचा हात ताटाला कधी लागला ते लक्षात राहत नाही. खायचे पेढे स्वयंपाकघरात वेगळे ठेवा.