पाय दाबला तरी गाडी विचार करत बसते: ऑटोमॅटिकवाल्यांची प्रश्नोत्तरे

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच दुखण्याचे होते, ॲक्सिलरेटर दाबला की ऑटोमॅटिक गाडी अडखळते. दुखणं एक वाटतं पण कारणं पार वेगवेगळी निघतात, म्हणून त्यातले सहा निवडलेत.

प्रश्न: सर, पेट्रोल ऑटोमॅटिक आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाली, ८०,००० किमी झालेत. सिग्नल सुटला की दाबतो तर एक-दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग एकदम उसळी मारते. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स गेलाय, खोलावा लागेल. खोलू का?

नका खोलू. निदान आत्ता तरी नका.

आधी एक फुकटची टेस्ट करा. शेजारी कुणालातरी बसवा आणि आरपीएमचा काटा बघत बसायला सांगा, तुम्ही रस्ता बघा. त्या एक-दोन सेकंदात काटा काय करतो एवढंच बघायचं. काटा झपकन वर गेला, इंजिन ओरडतंय पण गाडी जागची हलत नाही, म्हणजे ताकद तयार होतेय पण चाकापर्यंत पोचत नाहीये, तर गिअरबॉक्सवर संशय घ्या. पण काटा तिथल्या तिथे बसून राहिला किंवा उलट जरा खालीच गेला, तर इंजिनच उठत नाहीये आणि गिअरबॉक्स बिचारा त्याची वाट बघत थांबलाय. ही एक गोष्ट न बघता लोक गिअरबॉक्स खोलून बसतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता रागही येत नाही.

तुमचं वर्णन वाचून मला दुसरा प्रकार वाटतोय. आधी मेल्यासारखी आणि मग उसळी, हा बहुतेक वेळा हवेचा घोळ असतो. बऱ्याच गाड्यांत इंजिनात किती हवा चाललीये ते एअर फ्लो सेन्सर मोजतो आणि त्या हिशोबाने कंप्युटर पेट्रोल सोडतो. आता सेन्सर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी पाइपला चीर असेल तर तिथून न मोजलेली हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन क्षणभर गुदमरतं आणि मग सावरलं की उसळतं. गंमत म्हणजे ही चीर गाडी उभी असताना दिसतच नाही कधीकधी, कारण लोड आला की इंजिन माउंटवर, म्हणजे त्याच्या रबरी आधारांवर, जरासं वळतं आणि तेव्हाच ती उघडते. पाइप हाताने वाकवून, पिळून बघा, घड्यांच्या आत बघा. (मी स्वतःच्या गाडीत एकामागोमाग एक दोन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देतात त्या) बदलल्या होत्या आणि शेवटी सैल निघाला तो पाइपचा क्लॅम्प, त्यामुळे आता हात आधी तिकडेच जातो.)

पाइप ठीक असेल तर थ्रॉटल बॉडीतला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागातला, कार्बन आणि तो सेन्सर, दोन्ही साफ करून घ्या. सेन्सरला त्याचाच स्प्रे वापरायचा, ब्रश नाही फडकं नाही, आतली तार फार नाजूक असते. थ्रॉटलची झडप इग्निशन चालू ठेवून बोटाने ढकलू नका, आत मोटर आणि छोटे गिअर असतात. साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांना आयडल री-लर्न करावं लागतं, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन किती फिरवायचं ते कंप्युटरला पुन्हा शिकवायचं, ते नाही केलं तर गाडी आधीपेक्षा वाईट चालते आणि लोक म्हणतात साफ करूनच बिघडली.

मेकॅनिककडे स्कॅनर असेल तर नुसते बिघाडाचे कोड नको, फ्युएल ट्रिम बघायला सांगा. कंप्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते त्यात कळतं. १० टक्क्यांच्या आत असेल तर साधारण ठीक. आयडलला २० च्या आसपास प्लस आणि २,५०० आरपीएमला नेलं की खाली येतोय, तर कुठूनतरी हवा शिरतेय. उलट आयडलला बरा आणि लोड दिला की वाढत जातोय, तर पेट्रोलच कमी येतंय किंवा सेन्सर हवा कमी मोजतोय.

प्रश्न: ६०-७० च्या स्पीडला हलका पाय दिला की गाडी थरथरते, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी. जोरात दाबलं की थरथर गायब. प्लग बदलले, फरक नाही.

जोरात दाबल्यावर जाते हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. प्लग-कॉइलचं मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकणं, असतं तर जोरात दाबल्यावर ते सहसा वाढलं असतं, कारण सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमजोर कॉइल तिथेच मान टाकते.

तुमचा संशयित लॉकअप क्लच. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे ऑइलमधून ताकद जाते आणि त्यात थोडी घसरण होतेच, ती वाचवायला ठराविक स्पीडला आतला एक क्लच दोन्ही बाजू एकत्र धरतो. ऑइल म्हातारं झालं की तो क्लच धरतो-सोडतो-धरतो करत राहतो, तीच ही थरथर. पक्कं करायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, थरथर चालू असतानाच ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक क्षणभर नुसता टेकवा, ब्रेकचा दिवा लागण्यापुरता. ब्रेकचा सिग्नल मिळाला की लॉकअप सुटतो. थरथर तेवढ्यापुरती थांबली तर चोर सापडला. दाबून धरू नका मात्र, का ते शेवटच्या प्रश्नात येईल.

यात नुसतं ऑइल बदलून बऱ्याच गाड्या सुधारतात. पण कंपनीने सांगितलेल्या स्पेसिफिकेशनचंच ऑइल घाला, आणि एकदा ड्रेन करून सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच अडकून राहतं, म्हणून थोडे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदलावं लागू शकतं. ‘लाइफटाइम ऑइल’ म्हणतात त्यातलं लाइफ कुणाचं हे कुणी सांगत नाही! निघालेलं ऑइल काळं आणि जळका वास मारणारं असेल तर मात्र क्लच झिजलाय, मग ऑइलने फार काही होणार नाही.

प्रश्न: एएमटी आहे. पहिल्याचा दुसरा पडताना मान पुढे जाते, चढावर तर जास्तच. बिघाड आहे का?

बहुतेक नाही, जातच तशी. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं मशीन करतं, आणि गिअर बदलताना तेवढा वेळ चाकाकडे जाणारी ताकद तुटते. बदलायच्या क्षणी पाय किंचित उचला, निम्मा झटका जातो. चढावर मॅन्युअल मोडमध्ये टाका. आणि चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवू नका, ब्रेक लावा, क्लच जळतो तो असाच. आधी नव्हतं आणि आता वाढतंय असं असेल तर क्लचचा बाइट पॉइंट (क्लच नेमका जिथे धरायला लागतो तो) स्कॅनरने पुन्हा शिकवून घ्या, त्यानेही फरक नाही पडला तर क्लच प्लेट बघावी लागेल.

प्रश्न: पेट्रोल भरून निघालं की पहिली पाच मिनिटं गाडी अडखळते, स्टार्टही उशिरा होते. नंतर एकदम ठीक. पेट्रोलच खराब मिळतंय का?

खराब पेट्रोल पाच मिनिटांत चांगलं होत नाही हो. पर्ज व्हॉल्व्ह बघा. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठवतात आणि योग्य वेळी हा व्हॉल्व्ह ती इंजिनात सोडतो. तो उघडाच अडकला की टाकी भरल्यावर वाफेचा लोंढाच आत येतो आणि इंजिन ओव्हर होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन गुदमरतं. इंजिन आयडलला असताना व्हॉल्व्हची टाकीकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर बोट ठेवा, सारखी ओढ लागत असेल तर व्हॉल्व्ह गेला. स्वस्तातला पार्ट आहे. आणि नोझल आपोआप बंद पडल्यावर अजून थोडं भरा म्हणायची सवय असेल तर ती सोडा, जास्तीचं पेट्रोल त्या कोळशात जातं.

प्रश्न: शहरात मस्त चालते, पण ओव्हरटेकला फुल दाबलं की ३,००० च्या पुढे काटा रडतखडत जातो. चेक इंजिन लाइट नाही.

लाइट नाही म्हणजे बिघाड नाही असं समजू नका, कंप्युटरला काही मर्यादा ओलांडल्याशिवाय लाइट लावायचा नसतो. दोन शक्यता. एक तर पेट्रोल पुरत नाहीये, पंप थकलाय किंवा फिल्टर चोंदलाय, मग लोडवर पेट्रोलचं प्रेशर पडताना दिसेल आणि ट्रिम प्लसमध्ये जाईल. नाहीतर धूरच बाहेर पडत नाहीये, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा डबा) आतून चोंदलाय, मग ट्रिम बरा दिसतो पण गाडीचा दम कोंडतो. दुसरं असेल तर नुसता कन्व्हर्टर बदलून मोकळे होऊ नका, तो सहसा आपणहून मरत नाही, जुनं मिसिंग किंवा ऑइल जळणं त्याला मारतं, ते न शोधता नवा घातला तर तोही जाईल. टर्बोवाली असेल तर तिसरी शक्यता, बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा इंजिनात नेणारा, पाइप फाटलाय, दाबल्यावर फुस्स आवाज येतो त्यात.

प्रश्न: मी चालवतो तेव्हा काही होत नाही, बाबा चालवतात तेव्हा मधेच पिकअप जातो. सर्व्हिस सेंटरला दोनदा दाखवली, काही सापडलं नाही. बाबा म्हणतात गाडीच खराब आहे.

बाबांच्या शेजारी बसा आणि त्यांचा डावा पाय बघा. आयुष्यभर क्लच दाबलेला पाय ऑटोमॅटिकमध्ये बेकार होतो आणि हळूच ब्रेकवर जाऊन बसतो. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले गेले की कंप्युटर ब्रेकचं ऐकतो आणि ताकद कापतो, सुरक्षेसाठीच असतं ते, आणि स्कॅनरवर काही उमटत नाही कारण बिघाड काही नसतोच. मागून एकदा बघून घ्या, गाडी पळताना ब्रेकचे दिवे लुकलुकतायत का. लुकलुकत असतील तर डावा पाय फुटरेस्टवर ठेवायला सांगा. कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, माझं नाव सांगितलंत तरी चालेल.